नाका उठला त्याची गोष्ट

दिवाळी अंक घेऊन निवांत बसलेल्या वाचकापुढे करांचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात पावतीपुस्तक ठेवण्यासारखे आहे, हे मी जाणतो. त्यातून मी मराठीचा अध्यापक. अर्थशास्त्राशी माझा संबंध पगाराच्या तारखेपुरता. पण गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो असताना एक गोष्ट पाहिली, ती मनातून जाईना. तिच्याविषयी लिहायचे तर जकातीपासून सुरुवात करावी लागते, आणि जकातीविषयी लिहिण्याचा मला थोडाफार हक्क आहे. मी लहानाचा मोठा झालो तो जकातीवर. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होते.

गावाचे नाव सांगत नाही. देशावरचे एक तालुक्याचे गाव, आठवड्याचा बाजार शनिवारी, आणि गावात शिरणारे रस्ते चार. त्या चारही रस्त्यांवर एकेक नाका. अण्णांचा नाका मोठ्या रस्त्यावरचा. पत्र्याची खोली, पुढे ओसरी, ओसरीवर टेबल, आणि रस्त्यावर आडवा टाकलेला एक लांब बांबू. बांबूच्या बुडाशी दोरीने दगड बांधलेला असे. दोरी सैल सोडली की बांबू सावकाश वर जाई आणि मालमोटार धुरळा उडवीत गावात शिरे. तो बांबू उचलण्याचा मान कधीमधी मला मिळे. पुढच्या आयुष्यात एवढी सत्ता माझ्या हाती पुन्हा आली नाही.

खोलीच्या भिंतीवर जकातीच्या दरांचा फलक होता. अक्षरओळख झाल्यावर मी जे पहिले सलग वाङ्मय वाचले ते हेच. गोडे तेल, डालडा, कापडाच्या गाठी, सिमेंट, लोखंडी पत्रे, सुपारी, विड्या, सायकली, आणि पुढे दर. काही मालावर वजनाने, काहीवर किमतीने. वजनाचा माल सरळ. भांडण होई ते किमतीच्या मालावर. बिल दाखवा म्हटले की बिल निघे, पण ते खरे की नाक्यापुरते, हे कोण सांगणार? पुष्कळ व्यापाऱ्यांजवळ एका मालाची दोन बिले असत, एक दुकानाच्या वहीसाठी आणि एक आमच्या अण्णांसाठी. अण्णा बिलाकडे पाहत, मग गाठींकडे, मग ड्रायव्हरच्या तोंडाकडे. त्या तिन्हींचा मेळ घालून आकडा ठरे. करआकारणी म्हणतात ती हीच.

आता वाचकाच्या मनात जो प्रश्न आला आहे तो मी टाळणार नाही. नाक्यावर पैसे खाल्ले जात का? खाल्ले जात. चहापाणी हा शब्द मी प्रथम ऐकला तो तिथेच. आमचे अण्णा त्यातून सर्वस्वी अलिप्त होते असे लिहिले तर ते स्वतःच मला हसतील. एकदा रात्री टोमॅटोने भरलेली मोटार आली. शहरातून नुसत्या पुढे जाणाऱ्या मालाला जकात नसे, पण त्याला पास लागे, आणि पासावर सही करणारा मुकादम घरी झोपायला गेला होता. ड्रायव्हर काकुळतीला येऊन म्हणाला, "अण्णा, सकाळपर्यंत चिखल व्हईल मालाचा." अण्णांनी बांबू वर केला. ड्रायव्हरने जाताना टोमॅटोची एक पाटी ओसरीवर ठेवली. अण्णांनी ती परत केली नाही. आठवडाभर आमच्या घरी टोमॅटोचे सार होते, आणि आई एका शब्दानेही बोलली नाही. पण आईचे ते न बोलणे अण्णांच्या अजून लक्षात आहे.

या दृष्टीने पाहिले तर जकात हा वाईट कर होता यात शंका नाही. मालावर कर घेण्यासाठी माल थांबवावा लागे, आणि ज्याला थांबवता येते त्याच्या हाताला खाज सुटल्यावाचून राहत नाही. शिवाय थांबलेल्या मोटारीचा खर्च कुठल्याही पावतीवर नसतो. मुंबईला दहिसर, मुलुंड, वाशी या नाक्यांपुढे मालमोटारींच्या ज्या रांगा लागत, त्यांत जळणारे डिझेल आणि ड्रायव्हरांची जागरणे अखेर मुंबईकराच्या डाळतांदळातच वसूल होत. अर्थशास्त्री मंडळी जकातीला शिव्या देत त्या उगीच नव्हेत.

हे झाले एक अंग. दुसरे अंग मला नाक्याच्या ओसरीवरूनच दिसले, आणि ते अर्थशास्त्राच्या पुस्तकांत फारसे येत नाही. रोज संध्याकाळी चारही नाक्यांचा भरणा पत्र्याच्या पेटीतून नगरपालिकेच्या कचेरीत जाई. कॅशियर पैसे मोजी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पैशांतून झाडूवाल्यांचे पगार, पाण्याच्या पंपाचे तेल, दवाखान्यातला कापूस भागे. शनिवारचा भरणा इतर दिवसांच्या दुप्पट. लग्नसराईत कापडाचा आकडा फुगे, पाऊस लांबला की पत्रे आणि सिमेंट खाली येई. "यंदा गाठी कमी उतरल्यात, दिवाळी बेताचीच," असे अण्णा नवरात्रात सांगत आणि ते खरे ठरे. गाव वाढले की जकात वाढे. त्यासाठी नगराध्यक्षाला कोणापुढे हात पसरावा लागत नसे. एखाद्या नगरसेवकाने सभेत गटाराची मागणी केली तर मुख्याधिकारी जकातीचे रजिस्टर मागवून सांगत की पैसे आहेत किंवा नाहीत. नाहीत म्हटले तरी ते नाहीपण आमचे, गावचे होते.

शब्दांचा धंदा असल्यामुळे एक आडवाट घेतो. जकात हा शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ धर्माने सांगितलेले दान. आपल्याकडे येताना वाटेत त्याचे दान गळाले आणि घेणे तेवढे उरले. इंग्रज अमदानीत कचेरीतली माणसे तिला ऑक्ट्रॉय म्हणत. तो शब्द फ्रेंच, आणि त्याच्या मुळाशी देणे, बहाल करणे हा अर्थ आहे. म्हणजे दोन्ही शब्दांच्या पोटात देणे आहे. पुढे आमच्या गावाचे जे झाले ते पाहता हा योगायोग मला अंमळ बोचतो.

१९९९ साली राज्य सरकारने नगरपरिषदांची जकात रद्द केली. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. गावात पेढे वाटले गेले. व्यापाऱ्यांनी नाक्यावर येऊन अण्णांच्याच हाताने बांबूची दोरी सोडवून घेतली, त्यांना हारही घातला. अण्णांना त्या हाराचे काय करावे ते कळेना, म्हणून त्यांनी तो दरांच्या फलकाला घातला. कारकुनांच्या नोकऱ्या गेल्या नाहीत. त्यांना इतर खात्यांत सामावून घेतले. अण्णा घरपट्टी वसुलीत गेले.

मोठ्या शहरांत ही गोष्ट लांबली. महापालिकांना जकात सोडवेना. २०१० पासून काही महापालिकांत तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. नाक्यावर मोटार अडवायची नाही, व्यापाऱ्याने आपली खरेदी आपणच जाहीर करून कर भरायचा, ही त्यामागची कल्पना. कल्पना वाईट नव्हती, पण व्यापाऱ्यांना त्यात नाका दुकानाच्या दारात आल्याचा भास झाला. २०१३ मध्ये पुण्यामुंबईत बंद झाले, मोर्चे निघाले. अखेर १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला पन्नास कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांना तो माफ झाला, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच. आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर देशभर लागू झाला तेव्हा मुंबईचेही नाके उठले. मुंबई महापालिकेचे जकातीचे उत्पन्न वर्षाला सात हजार कोटींच्या घरात होते. त्याच्या बदल्यात राज्य सरकारने भरपाईचा कायदा केला, भरपाईत दरसाल आठ टक्के वाढही त्यात लिहिली, आणि जुलैच्या पहिल्याच आठवड्यात सुमारे ६४७ कोटींचा पहिला हप्ता महापालिकेच्या हाती ठेवला. मोठ्या घरच्या मुलीला हुंडा मोठा, तसे. आमच्यासारख्या नगरपरिषदांच्या नशिबी आले ते सहायक अनुदान.

अनुदान हा शब्द मी वर्गात समासासाठी वापरत नाही, कारण त्याचा विग्रह करताना मला अण्णांचे घरपट्टीचे दिवस आठवतात. जकात देणाऱ्याला आपण ती देतो हे ठाऊक नसे. ती साबणाच्या वडीत, चहाच्या पुड्यात मिसळून जाई. घरपट्टी म्हणजे दारात उभे राहून मागायची गोष्ट. अण्णा सायकलीवरून गल्लोगल्ली हिंडत. "अण्णा, पुढच्या महिन्यात बघू," असे ज्याने सांगितले त्याच्याच मुलाच्या मुंजीला परवा जेवून आलेले. जप्तीची नोटीस कोणाला लावायची? ज्यांची थकबाकी मोठी, ते नगरसेवकांचे पाहुणे. आणि घरपट्टीचे दर वाढवावेत असा ठराव आणण्याची छाती निवडणुकीच्या गावात कोणाला असते! तेव्हा दर तसेच, वसुली अर्धीमुर्धी, आणि उरलेल्यासाठी डोळे मंत्रालयाकडे. अनुदान आले की पगार, नाही आले की उसनवारी. रस्त्यावरच्या दिव्यांचे बिल तुंबले म्हणून दोनदा गाव अंधारात राहिल्याचे मला आठवते. कचेरीत पूर्वी जकातीचे रजिस्टर उघडत, त्या जागी आता अनुदानाच्या शासननिर्णयाची वाट पाहणे सुरू झाले.

नाका उठल्याचे मला दुःख नाही. तो जायलाच हवा होता. माझे म्हणणे इतकेच की नाका उठवताना आपण बांबूबरोबर पत्र्याची पेटीही उचलून नेली, आणि ती कुठे ठेवली याची चौकशी कोणी केली नाही.

ती मुंबईला गेली म्हणावे, तर पुढे मुंबईचीही पेटी दिल्लीला निघाली. राज्यांचा मुख्य आधार विक्रीकर. त्याचा जन्म मोठा मौजेचा आहे. मद्रास इलाख्यात राजाजींनी १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली, दारूचे उत्पन्न बुडू लागले, आणि तो खड्डा भरायला १९३९ मध्ये त्यांनी सर्वसाधारण विक्रीकर बसवला. मुंबई इलाख्यात तो १९४६ मध्ये आला. पुढे त्याला इतके पाठभेद फुटले की जुन्या पोथीने लाजावे. दर वस्तूला वेगळा दर, दर राज्यात वेगळा, करावर कर. १ एप्रिल २००५ ला मूल्यवर्धित कर आला तेव्हा त्यातला बराच गुंता सुटला, आणि २०१७ मध्ये उरलेला सुटला असे सांगण्यात आले.

पुष्कळसा सुटला, हे खरेच. माझा एक बालमित्र गावात पत्रे आणि सिमेंट विकतो. त्याच्या वडिलांचे अर्धे आयुष्य विक्रीकराच्या कचेरीत बाकावर बसून गेले. हा दुकानातल्या संगणकावर विवरणपत्र भरतो. त्याचा अधिकारी काळा की गोरा हे त्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक होऊ नये अशी तो देवाची प्रार्थना करतो. राज्यांच्या सीमांवरचे कराचे नाके गेले. २०१८ च्या एप्रिलपासून परराज्यात जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या मालाचे ई-वे बिल संगणकावर निघते. मागच्या टप्प्यावर भरलेला कर पुढच्या टप्प्यात वजा मिळतो, त्यामुळे विकत घेणाराच विकणाऱ्याकडे पक्क्या बिलाचा आग्रह धरतो. अण्णांच्या काळची दोन बिलांची कला त्यामुळे पुष्कळ मंदावली. बनावट बिलांची नवी कला निघाली आहे, पण तो वेगळा विषय. करप्रशासनात सुधारणा म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी या मित्राचे दुकान दाखवीन. देणारा आणि घेणारा समोरासमोर येण्याचे जेवढे टळेल तेवढे दोघांचेही भले.

पण दर कोणी ठरवायचा? पूर्वी विक्रीकराचा दर विधानसभेत ठरे. चुकला तर लोक आमदाराला धरीत. आता तो वस्तू व सेवा कर परिषदेच्या शिफारशीने ठरतो. तिथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. शाळेतल्या मुलालाही हे गणित सुटेल: केंद्र नको म्हणाले तर सगळी राज्ये एक होऊनही ठराव होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले की परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत. परंतु एकट्या राज्याने वेगळी चूल मांडली तर देशभर एक कर हे सूत्रच मोडते, म्हणून व्यवहारात कोणी ती मांडत नाही.

राज्ये या व्यवस्थेत आली ती एका वचनावर. २०१५-१६ चे उत्पन्न पाया धरून ते दरसाल चौदा टक्क्यांनी वाढेल असे समजायचे, आणि त्यात जी तूट येईल ती पाच वर्षे केंद्राने भरून द्यायची. दोन-तीन वर्षे बरी गेली. मग २०२० ची महामारी आली. दुकाने बंद, कर नाही, आणि भरपाईचा निधी आटला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यांना सांगण्यात आले की तुम्ही कर्ज काढा. वादावादीनंतर केंद्राने स्वतः कर्ज काढून ते राज्यांकडे वळते केले, पहिल्या वर्षी एक लाख दहा हजार कोटी. ज्या महिन्यांत राज्यांची इस्पितळे भरून वाहत होती, त्याच महिन्यांत राज्यांचे अर्थमंत्री दिल्लीशी वचनाच्या अर्थाविषयी भांडत होते. जून २०२२ अखेर ती हमी संपली. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तू पाच आणि अठरा या दोन दरांत आणल्या गेल्या. ग्राहक म्हणून मी खूष झालो. गावचा माणूस म्हणून मनात आले की ही सवलत खाली कोणकोणाच्या अनुदानातून वजा होत जाईल?

हे सगळे आपल्याकडे नवे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरचा ग्रंथ १९२५ मध्ये निघाला. बाबासाहेबांचे नाव घेताना आपण संविधानाशी थांबतो. करांच्या या ग्रंथापर्यंत थोडेच जातात. १८७१ पूर्वी प्रांतांना स्वतःचा असा पैसा नव्हता. खर्च प्रांतांनी करायचा आणि पैसा वरून यायचा, त्यामुळे जो प्रांत जास्त ओरडे त्याला जास्त मिळे, आणि काटकसर करणारा मूर्ख ठरे. १८७१ मध्ये लॉर्ड मेयोने पोलीस, तुरुंग, शिक्षण, रस्ते अशा खात्यांसाठी प्रांतांना ठरावीक रकमा नेमून दिल्या. १८७७ पासून काही उत्पन्नेच नेमून दिली. १८८२ पासून काही उत्पन्ने वाटून घेण्याची पद्धत आली. नेमलेली रक्कम, नेमलेले उत्पन्न, वाटलेले उत्पन्न, अशा तीन पायऱ्या बाबासाहेबांनी दाखवल्या आहेत. हा ग्रंथ मी प्रथम वाचला तेव्हा मला आमची नगरपरिषद आठवली. आम्ही स्वतःच्या उत्पन्नावरून उतरून पहिल्या पायरीवर, नेमलेल्या रकमेवर येऊन बसलो आहोत.

राज्याच्या स्वतःच्या मर्जीचे आता काय उरले? पिण्याची दारू, पेट्रोल-डिझेल, जमीनजुमल्याचे मुद्रांक, गाड्यांवरचा कर. विक्रीकर जन्मला दारूचे उत्पन्न सोडण्यासाठी, आणि तो हातून गेल्यावर राज्ये पुन्हा दारूच्याच आधाराला आली. राजाजींनी हे पाहिले असते तर काय म्हटले असते कोण जाणे.

माझ्या पगारपत्रकात मात्र एक जुने कलम अजून टिकून आहे: व्यवसाय कर. दरमहा दोनशे, आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाला अडीच हजार. स्टाफरूममध्ये फेब्रुवारीत त्या शंभर रुपयांवरून दरवर्षी तोच विनोद होतो. हा कर महाराष्ट्राने १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेसाठी बसवला. दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाची मजुरी शहरातल्या पगारदाराने द्यायची, एवढा सरळ हिशेब. आपला पैसा कुठे जावा हे मला ज्याच्याबाबतीत सांगता येते असा हा एकच कर. पण अडीच हजारांची मर्यादा संविधानात १९८८ मध्ये घातलेली, ती तिथेच आहे. तेव्हाच्या अडीच हजारांत आणि आताच्या अडीच हजारांत किती अंतर पडले ते गृहिणींना विचारावे.

मग करावे काय? मी तज्ज्ञ नाही, म्हणून सोपेच सांगतो. जीएसटीतला काही हिस्सा गावांचा हक्काचा म्हणून, लोकसंख्येच्या आणि घरपट्टी वसुलीच्या मापाने, ठरलेल्या तारखेला गावाच्या खात्यात थेट पडावा. जे गाव स्वतःची घरपट्टी नीट वसूल करील त्याला थोडा अधिक. संविधानाच्या २४३व्या अनुच्छेदात दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमावा असे सांगितले आहे, आणि तो नेमायचा गाव व राज्य यांच्यातला वाटा ठरवण्यासाठीच. केंद्राचा वित्त आयोग काय म्हणतो याची वर्तमानपत्रांत ठळक बातमी होते. राज्याचा आयोग काय म्हणाला हे दहा सुशिक्षितांना विचारा, एकालाही सांगता येणार नाही. दिल्लीने मुंबईशी कसे वागावे याविषयी मुंबईत जेवढे बोलले जाते, त्याच्या चौथ्या हिश्श्याइतके तरी मुंबईने आमच्या गावाशी कसे वागावे याविषयी बोलले जावे.

आता उन्हाळ्यात पाहिलेली ती गोष्ट. अण्णा निवृत्त होऊन आता पंधरा वर्षे झाली. त्यांचे निवृत्तिवेतन नगरपरिषदेकडून येते, म्हणजे अनुदान आले की येते. सकाळी दहाला ते पासबुक घेऊन बँकेत निघाले. मी म्हटले, "अण्णा, ऊन फार आहे. मोबाइलवर कळतं आता."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण बँकेत सगळे येतात. त्यांच्याकडून कळतं, कुठे अडलंय ते."

मी बरोबर गेलो. बँकेच्या पायरीवर सात-आठ म्हातारी माणसे बसली होती. झाडू खात्यातली दोन, पाणीपुरवठ्यातला एक, दवाखान्यातली एक दाई, आणि दुसऱ्या नाक्यावरचे अण्णांचे जुने जोडीदार. कोणी म्हणत होते फाइल जिल्ह्याला आहे, कोणी म्हणत होते मुंबईहूनच निघाली नाही. दाईने अण्णांना विचारले, "तुमच्या टायमाला असं व्हायचं का हो?"

अण्णांनी जोडीदाराकडे पाहिले. दोघेही हसले. "आमच्या टायमाला," जोडीदार म्हणाले, "शनिवारचा बाजार झाला की रविवारी तुमचा पगार तयार असायचा, बाई."

परत येताना आम्ही जुन्या नाक्यावरून आलो. त्या पत्र्याच्या खोलीत आता वडापावची गाडी उभी करतात. भिंतीवरचा दरांचा फलक कोणी काढलेला नाही. तेलाच्या धुराने तो काळा पडला आहे. अण्णांनी चष्मा पुसला, जवळ जाऊन त्यावरचे सुपारीचे दर मला वाचून दाखवले, आणि मग गाडीवाल्याला विचारले, "काय रे, घरपट्टी भरलीस का यंदा?"